मागची सीट

प्रिय बेबी,

रविवारी बाबा गाडी चालवणार नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काल संध्याकाळी ते स्पष्टच सांगितलं, आणि मी पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा तेच सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतील, चेहरा दिसणार नाही, असं त्या म्हणाल्या. यावर ऑपरेशन नाही, थेंब नाहीत, चष्म्याचा नंबर बदलूनही उपयोग नाही. तुमच्या हॉटेलच्या उद्घाटनाला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात तुला दुसरा ड्रायव्हर शोधता येईल, म्हणून आधी हे कळवते.

फोन करता आला असता. पण फोनवर तू 'बोल गं' म्हणालीस की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं आणि उरलेल्या निम्म्यात मी 'हो ताई, हो ताई' करून मोकळी होते. आमच्या घरात ही खोड वारशानं आली आहे. खरं तर तू माझ्यापेक्षा लहान. तरी चारचौघांत तू बेबीताई आणि मी नुसती 'ड्रायव्हरची'. पत्रात कोणी ऐकत नाही, म्हणून सरळ बेबी लिहिलं आहे. राग आला तर घरातल्या कोणाला दाखवू नकोस, म्हणजे झालं.

तपासणीच्या वेळी बाबांनी काय केलं ते सांगते, तुला गंमत वाटेल. आमच्या आधी आत गेलेला पेशंट भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मोठमोठ्यानं वाचत होता. दार उघडंच होतं. बाबांनी बाहेर बाकावर बसल्या बसल्या सगळा तक्ता पाठ केला आणि आत गेल्यावर खुर्चीत ताठ बसून, हनुवटी वर करून, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान, आजोबा. पण मी तक्त्यामागचा दिवा अजून लावलाच नाहीये." त्या हसल्या, मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांना रविवार हवा होता.

मला संशय आला तो गेल्या आठवड्यात. तुझा फोन आल्यापासून बाबांच्या अंगात वारं शिरलं होतं. तू म्हणालीस ना, की हॉटेलच्या मोठ्या दारापाशी तुझ्या वडिलांची, साहेबांची गाडी येऊन थांबेल, पुढे बाबा असतील, डोक्यावर टोपी असेल, ते उतरून मागचं दार उघडतील, तू उतरशील, फोटो निघतील, आणि मग गाडी लॉबीत कायमची ठेवली जाईल, दोरीच्या आत, साहेबांच्या फोटोखाली. तेव्हापासून त्यांनी टोपीला दोनदा इस्त्री केली. आणि सराव म्हणून एका दुपारी गाडी बाहेर काढली. काढताना डावं मडगार्ड शटरच्या चौकटीला घासलं. दात शिवशिवावेत असा आवाज झाला. आख्खी गल्ली वळून बघायला लागली. बाबा खाली उतरले, कानोसा घेतल्यासारखं केलं आणि मला म्हणाले, "शटर फार कुरकुरतंय गं. तेल घाल जरा." मी बरं म्हटलं. मडगार्डावर हातभर ओरखडा आहे. त्यांना अजून दिसलेला नाही आणि मी सांगितलेला नाही. तुमच्या माणसांना सांगून तो रविवारच्या आत बुजवून घे. ज्या गाडीवर बसलेल्या माशीचे पाय त्यांना दिसायचे, तिच्यावरचा हातभर ओरखडा त्यांना दिसत नाही. तेव्हाच मी त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरवलं.

आता गाडीचा विषय निघालाच आहे तर थोडं मागचं बोलते. ती गाडी आमच्याकडे आली तो दिवस तुला आठवत असेल. तुमचा बंगला विकायचा ठरला, साहेबांनी नवी गाडी घेतली आणि बाबांची नोकरी संपली. माळी, स्वयंपाकीण, पहारेकरी यांना जाताना काय मिळालं ते मला माहीत नाही. बाबांना गाडी मिळाली. साहेबांनी सगळ्यांसमोर किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "तूच सांभाळलीस, आता तुझीच." टाळ्या वाजल्या. बाबा रडले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आईनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. घरी येताना मात्र तिनं फक्त एकच प्रश्न विचारला, "ठेवायची कुठे?"

ठेवली पुढच्या खोलीत. आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यातली गल्लीकडची खोली गाडीला दिली. भिंत पाडली, शटर बसवलं. खोली गाडीपेक्षा जेमतेम हातभर मोठी. घरात यायचं तर भिंत आणि गाडी यांच्या मधून, पोट आत ओढून, आडवं चालत यायचं. आई म्हणायची, "या गाडीनं मला बारीक ठेवलं." कोणी पाहुणे आले की बाबा आधी त्यांच्या पट्ट्याची बकलं बघायचे, रंगाला लागतील म्हणून. एका मामांना तर पट्टा काढून हातात धरून आत यायला लावलं होतं. मी नर्सिंगचा सगळा अभ्यास गाडीच्या पायरीवर बसून केला, कारण घरात दिवा तिथेच चांगला होता, गाडीसाठी लावलेला. पायरीवर बसायची परवानगी होती. आत बसायची नव्हती.

आत म्हणजे मागे. पुढे बसायला ना नव्हती. तुला गाडीची पुढची बाजू कशी आहे हे ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून सांगते. मागे तुमच्या बाजूला लोण्यासारखं मऊ चामडं, पाय ठेवायला चौरंग, खिडकीला पडदे, लाकडी झडप उघडली की आत आरसा. मध्ये काच. काचेच्या पुढे आमची बाजू. तिथली सीट काचेला टेकून सरळ उभी केलेली, मागे होत नाही, पुढे होत नाही. ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून तशी करत असावेत. गाडी आमची झाली तरी काचेची अलीकडची आणि पलीकडची बाजू बदलली नाही. आम्ही तिघं कुठे गेलो तर तिघं पुढे, मी मध्ये कोंबलेली, आणि मागे आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी जागा रिकामी. आईनं सुरुवातीला एकदा विचारून बघितलं. बाबा म्हणाले, "ती जागा आपली नाही." तिनं पुन्हा विचारलं नाही. लोक सिग्नलला वाकून वाकून मागे कोण बसलंय ते बघायचे. एकदा एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं आम्हाला ओलांडून मागच्या रिकाम्या सीटला कडक सलाम ठोकला. आई त्यावर बरेच दिवस हसत होती. घरात कधी बाबा फार बोलायला लागले की ती उठून त्यांना ओलांडून भिंतीला सलाम करायची.

तू म्हणशील, तुझ्या बापाचा स्वभाव, त्याला आम्ही काय करणार. खरं आहे. तुम्ही कोणी त्यांना मागे बसू नका असं सांगितलं नव्हतं. पण बसा असंही कोणी सांगितलं नाही. आणि दर थोड्या दिवसांनी फोन यायचा. परदेशातून पाहुणे येणार आहेत, गाडी घेऊन या. साहेबांची पंच्याहत्तरी आहे, गाडी घेऊन या. कोणाला तरी विमानतळावर झोकात सोडायचंय, गाडी घेऊन या. बाबा टोपी घालायचे, मागची सीट पुसायचे आणि निघायचे. माणूस गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली देतो ना, कुंड्यांना पाणी घाला म्हणून, तशी तुम्ही आम्हाला गाडी दिली होतीत, हे आईला पहिल्याच वर्षी कळलं. मला बऱ्याच उशिरा. बाबांना अजून नाही.

शाळेच्या वाटेवरचा तो प्रसंग तुझ्या लक्षात आहे का? मी अलीकडे, तू पलीकडे. काचेवर तू तोंडाची वाफ सोडायचीस आणि बोटानं चेहरे काढायचीस, मी माझ्या बाजूनं त्यांना मिशा काढायचे. माझी शाळा आधी यायची, मला कोपऱ्यावर सोडून गाडी तुझ्या शाळेकडे वळायची. एक दिवस तू काच सरकवलीस आणि म्हणालीस, ये ना इकडे. मी त्या फटीतून डोकं खाली पाय वर अशी आले. आपण दोघी हसून हसून लोळत होतो. बाबांनी गाडी हळूच कडेला घेतली. ते उतरले, वळसा घालून आले, मागचं दार उघडलं आणि दार धरून उभे राहिले. तुझ्या आईसाठी उभे राहायचे तसे, पाय जुळवून, नजर खाली. ओरडले नाहीत, मारलं नाही. मी उतरेपर्यंत तसेच उभे होते. मी उतरले, पुढे जाऊन बसले आणि त्यांनी तुझं दार लावलं. तू हसतच होतीस. तुला ते खेळातलंच वाटलं असणार, त्यात तुझा दोष नाही. पण आपल्या बापानं आपल्यासाठी अदबीनं दार उघडून धरावं, आणि ते बाहेर निघण्यासाठी, ही गोष्ट मला आजतागायत कोणाला नीट सांगता आलेली नाही. तुला सांगून बघते आहे.

आता माझ्या डबीबद्दल, म्हणजे माझ्या छोट्या विजेच्या गाडीबद्दल. डबी हे नाव बाबांनी ठेवलं. तू तिला बुटाचं खोकं म्हणाली होतीस. दोन्ही नावं शोभतात. समोरून बघितली तर कपडे धुवायच्या मशिनला चाकं लावल्यासारखी दिसते. शेजारून ट्रक गेला की थरथरते. थंडीत बॅटरी अशी काही रुसते की शेवटच्या पेशंटकडून परत येताना मी हीटर बंद करून, मांडीवर शाल घेऊन चालवते. तुमच्या गाडीचं दार लागतं तेव्हा गादीवर उशी पडल्यासारखा आवाज येतो. माझ्या डबीचं दार लागतं ते डब्याचं झाकण लागल्यासारखं, आणि कधी कधी लागतच नाही. तुमच्या गाडीत बसलेल्याला रस्ता कसा आहे हे कळत नाही. डबीत प्रत्येक खड्ड्याची वेगळी ओळख होते. सौंदर्याची तुलना करायची तर मी पहिल्याच वाक्यात हरले. तुमच्या गाडीसारखी देखणी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. आणि तिच्या चाकामागे बसलेले बाबा, म्हणजे चारचौघांत तोंडातून शब्द न फुटणारा माणूस, चौकात वळण घेताना राजासारखे दिसायचे. हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

पण डबी मला घरोघरी पोचवते. माझं काम तुला माहीत आहे, ज्यांना दवाखान्यात येता येत नाही त्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, नळ्या बघायच्या. असले लोक रुंद रस्त्यावर फारसे राहत नाहीत. तुमची गाडी ज्या गल्लीच्या तोंडाशीच अडकेल तिथे डबी शेवटच्या दारापर्यंत जाते आणि दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत उभी राहते. घरी आले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर सोडायची, ओट्यावर मिक्सर आणि खाली गाडी, दोघं एकाच बोर्डावर. बाबांना याची फार लाज वाटते. "गाडीला काय चहासारखं ओट्यावरून पाजायचं?" म्हणतात.

दुकानातला विक्रेता मला समजावत होता की आणखी थोडी भर घातलीत तर मागे सीट असलेली मिळेल, सोयीची पडेल. मी म्हटलं, मला मागे सीट नसलेलीच हवी आहे. त्याला वाटलं मला परवडत नाही. परवडत नव्हतंही. पण कारण ते नव्हतं.

कारण आई होती. आईच्या शेवटच्या वर्षात तिला उपचारांसाठी आठवड्यातून कितीतरी वेळा इस्पितळात न्यावं लागायचं. जाताना ती बरी असायची, येताना मान धरवत नसे. पहिल्या दिवशी घरी परत न्यायला बाबा गाडी घेऊन आले. मी नळीची पिशवी धरून तिच्या बरोबर. बाबा उतरले, आणि बेबी, त्यांनी मागचं दार उघडलं. चामड्यावर चादर अंथरली होती. म्हणाले, "आडवी हो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आई दारापाशी आली, आत वाकून बघितलं, एक हात चादरीवर ठेवला. मग म्हणाली, "उलटी झाली तर?" मी म्हटलं, होऊ दे गं, धुता येतं. ती बाबांकडे बघत होती. त्यांनी एकदा, फक्त एकदा 'होऊ दे' म्हटलं असतं तर ती झोपली असती. ते काही बोलले नाहीत. आई वळली, गाडीच्या पुढून फिरून आपल्या जागी जाऊन बसली. बाबांनी मागचं दार लावलं. जोरात नाही, पण लगेच. मागे चादर अंथरलेली, पुढे आई त्या उभ्या सीटवर, डोकं मागच्या काचेला टेकवून, मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरून. सबंध रस्ताभर काचेवर तिचं डोकं आपटत होतं, त्याचा आवाज मला येत होता.

दुसऱ्याच दिवशी मी डबी बघायला गेले. तिची सीट मागे ढकलता येते, जवळजवळ आडवी होते, कारण मागे काही नाहीच. आई पहिल्यांदा बसली तेव्हा तिचे गुडघे पुढच्या प्लास्टिकला लागत होते. तिनं सगळी बटणं दाबून बघितली, खिडकी खाली घेतली, वर घेतली, रेडिओ लावला, बंद केला. मग मान वळवून मागे बघितलं. मागे माझी औषधांची बॅग आणि काच. म्हणाली, "हिच्यात मागे कोणी नाही, हे बरंय." आणि सीट मागे करून झोपली. येताना एकदा उलटीही झाली. मी कडेला थांबून पुसून घेतली, आई म्हणाली, "डबीला काही म्हणायचं नाही ना?" आणि आम्ही दोघी हसलो. बाबा घरी शटर उघडून वाट बघत उभे असायचे. रोज विचारायचे, उद्या गाडी काढू का? आई रोज म्हणायची, नको, उगीच तिला धूळ लागेल. ती टोचून बोलायची की खरंच म्हणायची, हे त्यांना कळत नव्हतं. मला कळायचं.

ती गेल्यावर तू भेटायला आलीस. दारात डबी बघून म्हणालीस, "अगं, घरात एवढी गाडी असताना आईला या बुटाच्या खोक्यातून नेत होतीस?" बाबा तिथेच उभे होते. मग तू आत आलीस, मागचं दार उघडेल तेवढं उघडलंस, सीटवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "अजून नवीच वाटते गं." बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी पाहिलं. नवीच वाटणार, बेबी. तिच्यावर बसलं कोण?

तुमच्या मॅनेजरांशी माझं बोलणं झालं. फार सभ्य भाषेत बोलले. कागदोपत्री गाडी अजून साहेबांच्याच नावावर असल्यामुळे ती 'घरी परत येते आहे' असं म्हणाले. नाव बदलून घ्या म्हणून मी बाबांच्या किती मागे लागले होते. त्यांचं उत्तर ठरलेलं, "साहेबांचं नाव खोडायचं? आणि तिथे कोणाचं घालायचं, माझं?" जसं काही मी त्यांना साहेबांच्या फोटोला मिशा काढायला सांगत होते. तेव्हा ती चूक आमची आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मी भांडणार नाही, वकिलाकडे जाणार नाही. खुशाल न्या. आम्हाला पुढची खोली परत मिळेल. मी तिथे भिंत बांधून घेणार आहे आणि सरळ चालत घरात येणार आहे. फक्त एवढंच वाटतं की न्यायच्या आधी कोणी तरी बाबांना विचारायला हवं होतं. ते होच म्हणाले असते. पण विचारायला हवं होतं.

काल दवाखान्यातून येताना बाबा डबीत बसले होते, खिडकीकडे तोंड करून, डोळ्यांच्या कडेनं रस्ता बघत. घर जवळ आल्यावर म्हणाले, "चालवायला दुसरा कोणी असू दे. मी त्याच्या शेजारी बसतो. टोपी घालीन. गाडी थांबली की उतरून बेबीताईंना दार उघडून देईन. दाराचा खटका मला हातानं कळतो, त्याला डोळे कशाला लागतात?" त्यांनी सगळा बेत केला होता. मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, बाबा, तुम्ही मागे बसा. शेवटचीच खेप आहे. तुम्ही मागे बसून जा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, किंवा माझ्या कानाकडे बघितलं म्हण, की जणू मी काही तरी घाण बोलले आहे. "मागे बेबीताई बसणार," म्हणाले. मी म्हटलं, बेबीताई दुसऱ्या गाडीतून येतील. ते म्हणाले, "तू नको शिकवूस." रात्री जेवले नाहीत. आज सकाळी मी पुन्हा विषय काढला. विनवण्या केल्या, रागावले, आईची शपथ घातली. आईची शपथ घातल्यावर ते उठून गाडी पुसायला गेले.

तर बेबी, ड्रायव्हर बदलण्याबद्दल कळवायला मी बसले होते हे खरं, पण तेवढ्यासाठी तुमच्या मॅनेजरांना निरोप दिला असता तरी चाललं असतं. मला तुझ्याकडे एक मागायचं आहे, आणि तुझ्याकडेच मागावं लागतंय याचा किती राग येतोय ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या सांगण्यावरून माझा बाप त्या सीटवर बसणार नाही. आईलाही त्यानं बसवलं नाही. तो बसेल तर फक्त तुमच्या घरातून हुकूम आला तर. म्हणून तू शनिवारी सकाळी त्यांना फोन कर. विनंती करू नकोस, विनंती केलीस तर ते नम्रपणे नाही म्हणतील. साहेब बोलायचे तशा आवाजात सांग, की रविवारी तुम्ही मागे बसायचं, हे ठरलंय. कारण विचारणार नाहीत. मी पत्र लिहिलं हे बोलू नकोस. फोटोसाठी तुला मोठ्या दारातून उतरायचंच असेल तर पुढे बस, ड्रायव्हरच्या शेजारी. सीट जरा ताठ आहे, पण अंतर फार नाही. ते नको असेल तर डबीत माझ्या शेजारची जागा मोकळी आहे, मी गाडीच्या मागोमाग येणारच आहे. आणि हॉटेलपाशी पोचल्यावर त्यांचं दार कोणी तरी बाहेरून उघडायला हवं, नाही तर ते आधी उतरून दार धरून उभे राहतील. तेवढं तुझ्या माणसाला सांगून ठेव.

तुमच्याकडून फोन आला की बाबा उभे राहतात. अजूनही, बोलणं संपेपर्यंत. शनिवारीही उभे राहतील. तू सांगशील ते ऐकतील आणि मग 'हो ताई' म्हणतील. एकदा म्हणाले की म्हणाले. रविवारी तुझा ड्रायव्हर येईल, मी दार उघडेन, आणि ते बसतील. टेकणार नाहीत, सीटच्या अगदी कडेला, टोपी गुडघ्यावर घेऊन बसतील. पण बसतील.

तुझीच, जेवढी उरले तेवढी